सील बदलायच्या आधी पाइप बघा – पुढच्या शॉकअपचं घरी केलेलं काम

वाशिष्ठीकाठ

माझ्या गाडीच्या उजव्या शॉकअपचं ऑइल सील, म्हणजे तेल आत धरणारं रबरी कडं, आतापर्यंत तीनदा बदललं. दोनदा गॅरेजमध्ये, तिसऱ्यांदा घरी, माझ्या हाताने. तिसऱ्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. आठवड्याला चार-पाच वेळा कुंभार्ली घाट चढतो-उतरतो, तरी पाइपवर तेलाचा ओघळ नाही. सील तिन्ही वेळा एकाच कंपनीचं, एकाच दुकानातून घेतलेलं. पहिल्या दोन वेळी पाइपकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं, एवढाच काय तो फरक.

गाडी २०१४ची पल्सर १५०. २२ जुलै २०२१च्या पुरात ती आमच्या इमारतीखाली साइड स्टँडवर उभी होती. पाणी ओसरल्यावर खाली गेलो तेव्हा सीटवरही बोटभर गाळ होता. त्या पंधरवड्यात चिपळूणच्या प्रत्येक गॅरेजसमोर अशा गाड्यांची रांग लागलेली. माझ्या गाडीचं इंजिन ऑइल लागोपाठ तीनदा बदललं, कार्बोरेटर खोलला, टाकी धुतली, वायरिंग सुकवलं, चाकांचे बेअरिंग नवे टाकले. शॉकअप मात्र कुणी खोलला नाही, मीही सांगितलं नाही. बाहेरून पाण्याचा फवारा मारला की पाइप चकचकीत दिसतो, आणि चकचकीत दिसला की आत सगळं ठीक असणार असं आपण धरून चालतो.

आठ महिन्यांनी उजव्या बाजूने तेल यायला लागलं. सील बदललं. अडीच महिन्यांत पुन्हा तेच. पुन्हा सील बदललं, आणि पहिल्या पावसात परत ओघळ सुरू. गॅरेजवाल्याने सांगितलं, "सील डुप्लिकेट लागलं असेल." असेलही, पण दोनदा? मग एका रविवारी गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावला, आणि पहिल्यांदा डस्ट सील (ऑइल सीलच्या वरचं धूळ अडवणारं रबर) वर सरकवून पाइपवरून नख फिरवलं.

हे नख फिरवणं कराच. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. पाइप कापडाने कोरडा पुसला, अंगठ्याचं नख हलकेच टेकवलं आणि वरून खाली आणत गेलो. सीलच्या वर साधारण दोन बोटांवर नख अडकलं. टॉर्च तिरका धरून पाहिलं तर तीन खड्डे, मोहरीपेक्षाही बारीक, कडा काळपट. दोन पुढच्या अंगाला, एक बाजूला. गाडी उभी असताना पुराचा गाळ ज्या रेषेवर साचून राहिला होता, नेमक्या त्याच रेषेवर. ओल्या गाळाखाली क्रोमला बारीक छिद्रं पडली आणि खालचं लोखंड गंजून फुगलं. रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला पाइप तेवढा खाली जातो, म्हणजे हे तीन खड्डे दिवसातून हजारो वेळा सीलच्या ओठावरून जात होते. रबराचा तो ओठ किती दिवस टिकणार?

ज्यांनी शॉकअप कधी खोललेला पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वरचा क्रोमचा पाइप खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत, म्हणजे बॉटममध्ये, वरखाली होतो. आतली लांब स्प्रिंग गाडीचं वजन तोलते. पण नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालवली तर एका खड्ड्यानंतर ती चार वेळा नाचेल. ते नाचणं थांबवतं तेल. आत एक पोकळ दांडा असतो, त्याला भोकं असतात, आणि पाइप वरखाली होताना तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावं लागतं. तेल जितक्या जोरात ढकलाल तितका त्याचा विरोध वाढतो. तेल जुनं होऊन पातळ झालं, कमी झालं किंवा त्यात पाणी शिरलं की शॉकअप फक्त स्प्रिंग उरतो.

आता काम कसं केलं ते. माझ्या चुकांसकट सांगतो, म्हणजे तुमच्या टळतील.

चाक काढायच्या आधी दोन गोष्टी ढिल्या करून ठेवायच्या. एक, पाइपच्या वरचं झाकण, म्हणजे कॅप बोल्ट. पाइप टी-मध्ये, म्हणजे दोन्ही पाइप जोडून धरणाऱ्या आडव्या भागात, घट्ट धरलेला असतानाच ते ढिलं होतं, बाहेर काढल्यावर पाइप हातात फिरत राहतो. त्याच्याही आधी वरच्या टी-चा आवळणारा बोल्ट सैल करा, नाहीतर तो झाकणाच्या आट्यांवर दाबून बसलेला असतो. दोन, बॉटमच्या तळाचा अ‍ॅलन बोल्ट. आत स्प्रिंगचा दाब असतो तोवरच आतला दांडा जागेवर राहतो. मी पहिल्या बाजूला हा बोल्ट शेवटी ठेवला, आणि दांडा बोल्टसोबत गोल फिरत बसला. अर्धा दिवस त्यात गेला.

कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग, काढल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने फ्रेमला बांधा. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, कारण घरातलं पोर येऊन ब्रेकचा लिव्हर दाबतंच.

पाइप टी-मधून फिरवत खाली ओढला की बाहेर येतो. झाकणाखाली स्प्रिंग दाबलेली असते, शेवटचे दोन आटे राहिले की तोंड बाजूला ठेवा आणि तळहाताने झाकण दाबून धरूनच काढा. स्प्रिंग काढताना दाट वेटोळ्यांचं टोक वर होतं की खाली, ते लिहून ठेवा. मग पाइप उलटा धरून तेल मापाच्या भांड्यात ओतलं. उजव्या बाजूचं काळपट करडं होतं, जरा जळकट वास. डाव्या बाजूचं, जी बाजू कधी गळलीच नव्हती, ते दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं. तळाशी तपकिरी चिकट गाळ. पुराचं पाणी अजून त्यात होतं आणि मी त्यावर घाट उतरत होतो. तो पेला बराच वेळ तसाच हातात धरून बसलो होतो.

सीलचं काम पाणी अडवायचं नसतं, तेल आत धरायचं असतं. बाहेरून येणारं अडवायला वरचा पातळ डस्ट सील, आणि तो काही तासन्‌तास पाण्याखाली राहायला केलेला नाही. म्हणून ज्यांच्या गाड्या पुरात बुडाल्या होत्या त्यांनी, गळती असो नसो, दोन्ही बाजूंचं तेल काढून बघाच. कोल्हापूर, सांगली, महाड, सगळ्यांना सांगतोय.

मग पाइपचं काम. खड्ड्यांच्या वर आलेल्या कडा आधी १००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पेपर तेलात भिजवून, घासल्या. पाइपभोवती आडवं घासायचं, उभं नाही. उभा ओरखडा म्हणजे तेलाला बाहेर यायला तयार पन्हाळ. मग खड्डे पेट्रोलने स्वच्छ करून, वाळवून, दोन ट्यूबांच्या अ‍ॅराल्डाइटने भरले. पूर्ण चोवीस तास हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ब्लेडने जादाचं तासून २००० नंबरने सपाट केलं, नख अडकेनासं होईपर्यंत. खड्डा मोठा असेल किंवा क्रोमचे पोपडे सुटत असतील तर हे करू नका, नवा पाइप घ्या. माझे तीनच होते आणि बारीक होते.

नवं सील बसवताना पाइपच्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी ओढली आणि तिच्यावरून सील सरकवलं, म्हणजे धारेने ओठ कापला जात नाही. ओठाला ग्रीस. आत तारेची बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू खाली, तेलाकडे. जुनं सील वर ठेवून पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने ठोकत नेलं, सर्कलिपची (सील जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्याची) खाच सगळीकडून पूर्ण दिसेपर्यंत. तळाच्या बोल्टला नवा तांब्याचा वॉशर. तो जुनाच वापरला तर पुढचा ओघळ खालून येतो.

तेल मिलीवर न भरता पातळीवर भरलं. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, बॉटम सरळ उभा. हळूहळू पाइप वरखाली करून आतली हवा काढायची, दहा मिनिटं थांबायचं, मग वरच्या काठापासून तेल किती खाली आहे ते मोजायचं. यासाठी औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी घेतली. नळीवर पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर चिकटपट्टीची खूण केली, खूण काठावर धरली आणि जादा तेल ओढून घेतलं. दोन्ही बाजू मिलिमीटरपर्यंत सारख्या होतात. नुसतं ओतून भरलं तर आधीचं थोडं तेल कुठेतरी राहिलेलं असतं आणि दोन बाजूंत फरक पडतो.

जोडताना शेवटची गोष्ट. चाकाचा एक्सल आवळला, पण त्याला धरणारा खालचा बोल्ट ढिला ठेवला. गाडी जमिनीवर घेतली, पुढचा ब्रेक धरून सात-आठ वेळा पुढचा भाग दाबला, मगच तो बोल्ट आवळला. यामुळे दोन्ही पाय एकमेकांना समांतर बसतात. नाहीतर शॉकअप अडकत चालतो आणि सीलही एका बाजूने झिजतं. आणि गाडी सुरू करायच्या आधी ब्रेकचा लिव्हर घट्ट लागेपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.

जुनं तेल गटारात ओतू नका. गॅरेजच्या पिंपात देऊन या.

कोयनेचा

फार उपयोगी. मी पाटणचा. माझ्याही डाव्या बाजूने तेल येतंय, पण थोडंच, दोन दिवसांत पाइपवर एक कडं जमतं तेवढं. यासाठी लगेच एवढं सगळं खोलावं का?

वाशिष्ठीकाठ

आधी एक्स-रेची पट्टी करून बघा. घरात जुनी एक्स-रे फिल्म असतेच. बोटभर रुंद पट्टी कापा, एका टोकाला आकड्यासारखी खाच द्या. डस्ट सील वर सरकवा, ती जागा स्वच्छ पुसा, मग पट्टी पाइपला चिकटवून सीलच्या आत वरून सरकवा आणि पाइपभोवती फिरवून बाहेर ओढा. खाचेत काळी कचकच येईल. पट्टी पुसून पुन्हा, स्वच्छ येईपर्यंत. कधीकधी ओठाखाली एक वाळूचा कण अडकलेला असतो आणि तेवढ्यानेच तेल येत असतं. लोखंडी पट्टी किंवा स्क्रूड्रायव्हर अजिबात घालू नका. आणि नख फिरवायला विसरू नका.

पाना_पक्कड

माझं कऱ्हाडला गॅरेज आहे, एकवीस वर्षं झाली. लेख वाचला, काम बरोबर केलंय. फक्त आमची बाजूही सांगतो.

गिऱ्हाईक दहाला गाडी लावतं आणि बाराला न्यायला येतं. "फक्त सील टाका" म्हणतं. पाइप खराब आहे म्हटलं की त्याला वाटतं हा पैसे काढतोय. म्हणून मी आता गिऱ्हाइकाचंच बोट धरून पाइपवरून फिरवतो. नख अडकलं की त्याला कळतं, मग बोलावं लागत नाही. तरी नको म्हणाला तर बिलावर लिहितो, पाइपला खड्डे आहेत, सीलची खात्री नाही. असं न सांगता जो दुसऱ्यांदा सील टाकून पैसे घेतो त्याचं मी समर्थन करणार नाही.

तळाचा अ‍ॅलन बोल्ट फिरत बसला तर: स्प्रिंग आणि झाकण परत घाला, पाइप जमिनीवर टेकवून कुणालातरी अंगाचा भार टाकून दाबून धरायला सांगा, मग झटक्यात पाना मारा. इम्पॅक्ट गन असेल तर एका सेकंदाचं काम. बोल्टच्या डोक्यात माती असते, ती आधी सुईने काढा आणि अ‍ॅलन की हातोडीने आत बसवून घ्या. डोकं गोल झालं की मग ड्रिलच.

दुसरं, ज्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढच्या शॉकअपमध्ये, बुश (पाइप ज्यावर सरकतो त्या कड्या) असतात त्यात पाइप झटके देऊन ओढला की सील बुशबरोबर बाहेर येतं. ज्यात बुश नाहीत त्यात पाइप सरळ हातात येतो आणि सील उपसावं लागतं. उपसताना बॉटमच्या काठावर कापडाची घडी ठेवा. अ‍ॅल्युमिनियमला चरा पडला तर सील बाहेरच्या अंगाने गळतं आणि लोक आतल्या अंगाला शोधत बसतात.

मीनल_ठाणे

माझी क्लासिक ३५०, २०१७ची, अठ्ठावीस हजार किलोमीटर. गळती काही नाही. पण घोडबंदरला स्पीडब्रेकरवर पुढून "ठक्क" असा आवाज येतो, आणि ब्रेक लावला की गाडी नाक खुपसते. फोर्कचं तेल कधीच बदललेलं नाही. एकाने सांगितलं जाड तेल टाका, सगळं ठीक होईल. टाकू का?

यंत्रवेडा

मीनलताई, एकदम जाड तेलावर जाऊ नका. आधी पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं नवं तेल योग्य पातळीला भरा आणि पंधरा दिवस चालवा. इतक्या वर्षांच्या तेलात कसच उरलेला नसतो, तेव्हा नव्या तेलानेच ब्रेकवर नाक खुपसण्याचा वेग बराच कमी व्हायला हवा. जाड तेल टाकलं तर झटक्यात येणारा छोटा खड्डा जास्त बोचेल, कारण तेलाला भोकातून जायला वेळच मिळत नाही.

"ठक्क" शेवटाला टेकल्याचा आहे का ते तपासायला पाइपवर एक प्लास्टिकची टाय बांधा, डस्ट सीलला टेकवून. आठवडाभर चालवा. ती किती वर गेली ते मोजा. तुमच्या मॉडेलला ३५ मिमीचे पाइप आणि १३० मिमीचा प्रवास आहे. टाय त्याच्या जवळपास पोचली तर खरंच टेकतंय. मग सॅग मोजा: पुढचं चाक अधांतरी असताना पाइप किती उघडा दिसतो, आणि तुम्ही नेहमीसारख्या बसल्यावर किती. फरक ३५ ते ४० मिमी असावा. पंचावन्न-साठ आला तर स्प्रिंग बसलीय, तेल बदलून भागणार नाही.

तेलाची पातळी पाच मिमीने वाढवणं हा मधला उपाय. तेलाच्या वर जी हवा कोंडलेली असते तीही स्प्रिंगच आहे. हवेची जागा निम्मी झाली की दाब दुप्पट. म्हणून शेवटच्या टप्प्यात ती जास्त जोर धरते. पण फार भरू नका, दाब सीलवरच येतो.

आणि डब्यावरच्या १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू या जाडीच्या नंबरांवर फार भरवसा ठेवू नका. दोन कंपन्यांची १० डब्ल्यू तेलं वेगवेगळी निघतात. डब्यामागे किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ४० अंशांना किती सेंटिस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप) ते दिलेलं असतं, तो आकडा जुळवा.

जुनी_यझदी

मी चाळीस वर्षं यझदीत आणि नंतर बुलेटमध्ये इंजिनचंच २०-४० घालत आलो. काही बिघडलं नाही. हे फोर्क ऑइलचे डबे आमच्या वेळी मिळतही नव्हते. नवीन मुलं उगाच खर्च करतात असं मला मनापासून वाटतं.

वाशिष्ठीकाठ

काका, तुमचं चाललं यात शंका नाही. १९७०च्या दशकातल्या होंडाच्या कितीतरी गाड्यांच्या पुस्तिकेत फोर्कसाठी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लिहिलेलं असायचं. तेलाचा दाब वापरून धक्का शोषणारा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली बाजारात आणला, तेव्हापासून लोकांनी त्यात मिळेल ते तेल घातलंय. पण इंजिन ऑइल आपल्या कामासाठी बनतं. काजळी धरून ठेवायची, गरम इंजिनात टिकायचं. फोर्कमध्ये तेल मिनिटाला शेकडो वेळा घुसळलं जातं, तिथे फेस न होणं महत्त्वाचं. फेस झाला की भोकातून तेलाऐवजी हवा जाते आणि घाटात लांब उतारावर शॉकअप मऊ पडतो. आजच्या हलक्या गाड्यांची भोकं पातळ तेल धरून केलेली आहेत. माझ्या पहिल्या गॅरेजनेही २०-५० भरलं होतं, आणि तेव्हा हँडलमधून जे बोचरे धक्के यायचे ते आता नाहीत.

जुनी_यझदी

फेसाचं म्हणणं पटलं. उतारावर मऊ पडण्याचा अनुभव मला आहे, मी तो गाडीच्या वयावर ढकलत होतो. पुढच्या वेळी डबा आणून बघतो.

मांडवीपलीकडे

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे पूर नाही, पण खारा वारा आणि फेरीबोट. बेती-पणजी फेरीत रोज गाडी उभी राहते, पाणी उडतं. माझ्या आधीच्या गाडीचे पाइप चार वर्षांत गेले. नव्या गाडीला पहिल्याच महिन्यात घड्यांचं रबर, गेटर, लावून घेतलं. तीन वर्षं झाली, पाइप काचेसारखे आहेत. गेटर लावलं की प्रश्न संपला असं मी सगळ्यांना सांगतो.

पाना_पक्कड

गेटर चांगलंच, पण प्रश्न संपला म्हणू नका. गेटरच्या खालच्या क्लिपजवळ पाणी साचलं की आत दमट राहतं, आणि वरून दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही. मी गेटर उचललं आणि खाली तांबडा पाइप निघाला असं अनेकदा झालंय. महिन्यातून एकदा गेटर वर करा, कोरड्या कापडाने पुसा, फोर्क ऑइलचा एक थेंब बोटावर घेऊन पाइपला चोळा आणि पुसून टाका. गेटरच्या खालच्या बाजूला पाणी निथळायला बारीक भोक आहे ना, ते मातीने बुजलेलं नाही ना, बघा.

मांडवीपलीकडे

आत्ताच उचलून बघितलं. पाइप ठीक आहे, पण उजव्या बाजूचं भोक खरंच बुजलेलं होतं आणि आत ओल होती. आभारी आहे.

घाटवाट

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितोय. गळती म्हणजे फक्त शॉकअपचा प्रश्न नाही. मागच्या वर्षी आंबा घाट उतरताना माझा पुढचा ब्रेक लिव्हरला नेहमीसारखा घट्ट लागत होता, पण गाडी थांबत नव्हती. मागच्या ब्रेकवर आणि गिअरवर कशीबशी साखरप्यापर्यंत आणली. कॅलिपरच्या बाजूचं सील गळून तेल खाली कॅलिपरवर आणि तिथून पॅडवर आलं होतं. आदल्या दिवशी ओघळ दिसला होता, परत आल्यावर बघू म्हटलं. मागे बायको बसली होती.

पॅड तेलात भिजले की फेकायचे. लोक गॅसवर भाजतात, पेट्रोलने धुतात, तसं करू नका. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं आणि गरम झालं की पुन्हा वर येतं. डिस्क ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली.

वाशिष्ठीकाठ

हे मूळ लेखातच यायला हवं होतं. कॅलिपरच्या बाजूला ओघळ दिसला तर गाडी घाटात नेऊच नका. गळतीच्या बाजूला खालपर्यंत तेल येऊ नये म्हणून निदान पाइपला सुती फडकं बांधा आणि हळू गॅरेज गाठा.

तीनशे_नव्वद

माझी ड्यूक ३९०. उलटा फोर्क, ४३ मिमीचा. हेच सगळं त्यालाही लागू होतं का? यूट्यूबवर बघून करावं म्हणतोय.

पाना_पक्कड

नख आणि एक्स-रेची पट्टी, एवढंच घरी करा. उलट्या फोर्कमध्ये क्रोमचा पाइप खाली आणि सील त्याच्या वर, म्हणजे गळती झाली की तेल सरळ खाली कॅलिपरवर आणि डिस्कवर. आतली रचनाही वेगळी, झाकण आतल्या दांड्याला बांधलेलं असतं, स्प्रिंग दाबायला वेगळं हत्यार लागतं. ते हत्यार नसताना दोघांनी मिळून स्प्रिंग दाबायची आणि तिसऱ्याने पाना घालायचा असं करताना बोटं गेलेली मी पाहिली आहेत. हत्यार असलेल्याकडेच द्या, आणि काम चालू असताना शेजारी उभे राहा.

शिरोलीकर

पाइपला खड्डे जास्त असतील आणि जुन्या गाडीचा पाइप मिळत नसेल तर फेकू नका. कोल्हापूरला हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यांना हार्ड क्रोम करून देणारे आहेत, ते शॉकअपचे पाइपही करतात. जुनं क्रोम उतरवतात, ग्राइंड करतात, जाड क्रोम चढवतात आणि परत ग्राइंड करून मूळ मापावर आणतात. त्यांना मूळ माप नक्की सांगा. पल्सर १५०मध्येच सिंगल डिस्कला ३१ मिमी आणि ट्विन डिस्कला ३७ मिमी आहे, तेव्हा "पल्सरचा पाइप" एवढं सांगून भागत नाही. मायक्रोमीटरने वरून, टी-मध्ये धरलेला भाग जिथे घासलेला नाही तिथून, मोजून घ्या.

कोयनेचा

बारा दिवसांनी लिहितोय. पट्टी फिरवली, भरपूर काळं निघालं. आठ दिवस एक थेंब नाही. मग पुन्हा कडं दिसायला लागलं. नख पाइपभर फिरवलं, टॉर्चनेही बघितलं, खड्डा कुठेच नाही. ओघळ फक्त मागच्या अंगाला येतो, पुढून पाइप कोरडा. काय असेल? आठवलं म्हणून सांगतो, मागच्या पावसाळ्यात पुढचं चाक एका मोठ्या खड्ड्यात जोरात आदळलं होतं. रिमला थोडी पोच आली होती, ती ठोकून घेतली. तेव्हापासून हात सोडला की गाडी किंचित डावीकडे ओढते.

वाशिष्ठीकाठ

एकाच बाजूने गळतंय, खड्डा नाही, आणि गाडी ओढते. पाइप वाकलाय असा संशय येतो. वाकलेला पाइप सीलच्या एका बाजूला जास्त दाबतो आणि दुसरीकडे फट सोडतो. पाइप बाहेर काढून जाड काचेवर लोळवा. काचेखाली पांढरा कागद ठेवा, पाइप फिरवताना मधली फट लहानमोठी होते का बघा. डोळ्यालाच दिसली तर प्रश्न मिटला.

पाना_पक्कड

काच ठीक, पण डोळ्याला न दिसणारा वाक सीलला पुरेसा असतो. व्ही ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, पाइप ठेवून मधोमध डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं मापाचं घड्याळ, लावायचा. होंडाच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२० मिमी आहे. डायलवर जो पूर्ण फरक दिसतो त्याचा निम्मा खरा वाक, हे लक्षात ठेवा, नाहीतर चांगला पाइप बाद कराल. प्रेसवर सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. वाकलेल्या जागी क्रोम तडकलेलं असतं आणि तो पाइप पुढच्या धक्क्याला तिथेच वाकतो, म्हणून मी करत नाही.

शिवाय चाक एवढं आदळलं असेल तर फक्त पाइप बघून चालणार नाही. खालची टी वाकलेली असू शकते. पाइप काढलात की चाक नसताना हँडल हळूच डावीउजवीकडे फिरवा. मधोमध किंचित अडकल्यासारखं झालं तर कोनसेटही (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला.

तुमच्याकडे डायल नसेल. पाटणहून कऱ्हाड काही लांब नाही. रविवारी सकाळी मी गॅरेजला असतो, गिऱ्हाईक कमी असतं. दोन्ही पाइप आणि खालची टी घेऊन या, गाडी नको. मोजायचे पैसे नाहीत.

कोयनेचा

दादा, येतो. आज संध्याकाळी खोलायला घेतो. तळाचा अ‍ॅलन बोल्ट चाक काढायच्या आधीच ढिला करून ठेवलाय.